एक शिट्टी, एक अर्थ

गार्डसाहेब सोमवारी वारले. सकाळी बेकरीवाल्या हसनभाईंनी दाराशी हाक मारली, आतून ओ आली नाही. दुपारी त्यांना इंद्रायणीवर नेलं. बायका नदीवर जात नाहीत, म्हणून मी खिडकीतून पाहिलं आणि पुढचं संध्याकाळी हसनभाईंकडून ऐकलं.

तिरडी उचलली तेव्हा रामाचं नाव घ्यायला कुणी पुढे होईना. स्टेशन मागे पडेपर्यंत माणसं मुकाट चालली. एकाने ‘श्रीराम’ एवढं म्हटलं आणि तोही चपापून थांबला. पंचाहत्तरीचा माणूस मेला होता, सुतळीने बांधला होता, तरी लोकांना धास्ती होती की आता हा मान वळवून विचारणार, “म्हणजे काय? थांबायचं की निघायचं?”

लोणावळ्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. रेल्वेत गार्ड होते म्हणून गार्डसाहेब. माझे ते घरमालक. मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा एकट्या विधवा बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. गार्डसाहेबांनी एकच प्रश्न विचारला होता : “बाई, तुम्ही मोठ्याने स्तोत्रं म्हणता का?” मी म्हटलं, मनात म्हणते. त्यांनी किल्ली दिली. वरच्या दोन खोल्या माझ्या, खाली मागच्या बाजूला ते, आणि रस्त्याच्या अंगाला त्यांचे दुसरे भाडेकरू हसनभाई यांची बेकरी.

त्यांची सगळी नोकरी घाटात गेली. कर्जतहून गाडी वर येताना तिला मागून इंजिनं लावत. पुढचं इंजिन शिट्टी देई, मागची उत्तर देत, मग गाडी हले. उतरताना तर आणखी कडक. ठरल्या जागी गाडी उभी करायची, ब्रेक धरतात याची खात्री करायची, ठरलेली शिट्टी द्यायची, तेव्हाच सांधेवाला रुळांचा सांधा बदलणार. शिट्टी चुकली तर गाडी डोंगराच्या अंगावर चढवलेल्या आडरुळांवर जाऊन अडकणार. विजेची इंजिनं आली त्या सुमारास ते निवृत्त झाले आणि गावात येऊन राहिले, आणि इथे त्यांच्या लक्षात आलं की गावात रात्रंदिवस शिट्ट्या होतात आणि एकीचाही अर्थ ठरलेला नाही.

हे ते दुःखाने सांगत. मला आधी गंमत वाटे. मग कंटाळा येऊ लागला. कारण कोणताही माणूस कोणत्याही देवाचं नाव मोठ्याने घेऊन त्यांच्या ओट्यासमोरून गेला की ते त्याला थांबवत. अंगात पितळी बटणांचा जुना कोट, पायात वहाणा, एक हात वर.

कुसगावचा दूधवाला रोज सकाळी “राम राम, गार्डसाब” म्हणे.

“आलास की निघालास?”

“दूध घालाय आलोय.”

“मग तसं सांग. जाताना पुन्हा राम राम म्हणशील. कालच्या भांडणात शेजारणीकडे बघून राम राम म्हणालास. तुझा बाप गेला तेव्हा म्हातारा राम म्हणाला, असं सांगत आलास. मी समजायचं काय?”

दूधवाला मापाने दूध ओतत राहिला. “एकच राम हाय, गार्डसाब. येताना बी त्योच, जाताना बी त्योच, मढ्याम्होरं बी त्योच. तुमी पातेलं सरळ धरा, दूध सांडतंय.”

गार्डसाहेबांना हे पटलं नाही. दूध सांडलं.

मी मराठी शिकवते म्हणून व्याकरणाचे प्रश्न माझ्याकडे येत. एकदा जिन्याखालून हाक मारून विचारलं, “बाई, ‘की जय’ यातला ‘की’ कोणत्या भाषेतला?” मी सांगितलं, हिंदीतला. “म्हणजे आपण जयसुद्धा उसना आणतो,” म्हणाले आणि आत गेले. प्रभातफेरीवाल्यांना ते विचारत की जय कुणाचा ते कळलं, पण पडायचं कुणी? नाटक सुरू होताना देवाचा जयघोष झाला की विचारत, हा पडदा उघडायचा का? देवळातल्या आरतीला ते जात नसत. घरची पूजा ओठ मिटून करत. देवाला ऐकू येतं, आपण बहिरा समजून ओरडतो, असं त्यांचं म्हणणं. घंटा मात्र वाजवत. घंटेचा अर्थ ठरलेला आहे, म्हणत.

मोहरमच्या ताबुतापुढे ‘या हुसेन, या हुसेन’ चाललं होतं तेव्हाही त्यांनी हात वर केला. मिरवणुकीत हसनभाई होते, तेच पुढे आले.

“हसन, बोलावताय की रडताय?”

हसनभाईंनी क्षणभर विचार केला. “दोन्ही,” ते म्हणाले.

गार्डसाहेबांनी हात खाली घेतला आणि वाट दिली. हे उत्तर ते मला पुढे कितीतरी दिवस सांगत. सबंध गावात कुणीतरी विचार करून बोललं, याचं त्यांना अप्रूप होतं.

हे सगळं ऐकून ते कुणी संत होते असं वाटेल. तसं काही नव्हतं. ते हट्टी होते, चहा पाजण्यात चिकट होते, आणि पंगतीचं आमंत्रण आलं की आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहत. लग्न, मुंज, बारसं, काही चाले. जिलबी वाढणाऱ्याला ते आडव्या हाताने अडवत आणि तीच बोटं हळूच उघडत. पंगत त्यांना आवडे त्याला आणखी एक कारण होतं. आपल्याकडे पानं वाढून होतात, सगळे हात मागे घेऊन बसतात, मग कुणीतरी ‘पार्वतीपते’ म्हणतो आणि सगळे ‘हर हर महादेव’ म्हणतात. तोपर्यंत शितालाही कुणी हात लावत नाही. पुढची शिट्टी, मागचं उत्तर, मग गाडी. गार्डसाहेबांच्या मते हिंदू धर्मात नीट चाललेलं एवढं एकच खातं होतं.

त्या खात्यातही एकदा अपघात झाला. गावात लाकूड-कोळशाच्या वखारीचे मालक होते. एका धार्मिक मंडळाचे ते अध्यक्ष, म्हणून त्यांना सगळे अध्यक्षच म्हणत. त्यांच्या मुलीचं लग्न. मांडवात पानं मांडलेली, मीठ-लिंबू-चटणी आणि भाताची मूद वाढून झालेली, वरण अजून चुलीवर, आणि पुण्याचे व्याही पाय धुवायला मागे गेलेले. तेवढ्यात मंडळाची पोरं कुणा पाहुण्या वक्त्याला स्टेशनवरून आणत होती, ती मांडवाबाहेरून जाताना ओरडली, “हर हर महादेव!” आत अख्ख्या पंगतीने कोरड्या भाताचा घास उचलला. व्याही पाय पुसत येतात तो माणसं चावतायत. ते रुसून जानवशावर गेले. अध्यक्षांनी पागोटं त्यांच्या पायावर ठेवलं तेव्हा परत आले.

मांडवात एकच माणूस हात मागे घेऊन बसला होता. व्याह्यांनी त्याचं कौतुक केलं. गार्डसाहेब म्हणाले, “पार्वतीपते कुणी म्हटलं नाही. अर्ध्या सिग्नलवर मी गाडी काढत नाही.” इथवर ठीक होतं. पुढे सगळ्यांदेखत ते अध्यक्षांना म्हणाले, “तुमच्याच पोरांनी तुमची पंगत उधळली. एकच घोषणा रस्त्यावर लढायला आणि मांडवात जेवायला वापरली की असं होतं.”

अध्यक्ष हसले. ते कुणावर रागावले की हसत.

पुढे मुंबईत दंगल झाली. तिथलं वर्तमान गाडीबरोबर रोज वर येई आणि स्टेशनपासून गावात पोचेपर्यंत दुप्पट होई. त्या आठवड्यात मंडळाची दहाबारा पोरं आमच्या घरासमोर येऊ लागली. संध्याकाळी हसनभाई पाव बाहेर काढत त्याच वेळेला. बेकरीकडे तोंड करून उभी राहत, तीनदा ‘हर हर महादेव’ म्हणत आणि निघून जात. आणखी काही नाही. दगड नाही, शिवी नाही. चार दिवसांत गिऱ्हाईक येईनासं झालं. हसनभाईंनी मुलांना कुसगावला आजोळी पाठवलं.

गावात उघडपणे पाव कुणीच खात नसे. बाटण्याची भीती. पण मागच्या दाराने तो सगळ्या आळ्यांत जाई, आणि दुधात बुडवला की दोष जातो असा एक सोयीचा समज होता. आता मागचं दारही बंद झालं. हसनभाई दुसरीकडे जाऊन पाव भाजू शकत नव्हते, कारण भट्टी त्यांच्या वडिलांनी त्या खोलीत बांधली होती, भिंतीत धरून. भट्टी उचलून नेता येत नाही. ते मला म्हणाले, “बाई, आमी जायाचं तर रिकाम्या हातानं जायाचं.”

गार्डसाहेब अध्यक्षांकडे गेले. परत आले ते कोटाची बटणं सोडत. अध्यक्ष म्हणाले होते, पोरं देवाचं नाव घेतात, तुमची हरकत आहे का? गार्डसाहेब म्हणाले होते, नाही, पण महादेवाचं देऊळ मागे आहे आणि पोरांची तोंडं भट्टीकडे. अध्यक्ष म्हणाले, देव सर्वत्र आहे.

मग गार्डसाहेब वकिलाकडे गेले. तो म्हणाला, देवाचं नाव घेणं हा गुन्हा नाही. फौजदाराकडे गेले. त्याने विचारलं, ते नेमकं काय म्हणाले? हर हर महादेव. मग? मग काही नाही. फौजदार स्वतः सोमवार करणारा होता.

मी इतिहासही शिकवते. मावळात त्या तीन शब्दांना काय मोल आहे ते मला ठाऊक आहे. आमच्या डोंगरांतल्या माणसांनी ते तोफांपुढे म्हटले होते. ती पोरं पावाच्या भट्टीपुढे म्हणत होती, आणि तेही ती पेटलेली असताना जरा लांब उभी राहून.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गार्डसाहेब जिन्याशी उभे. “बाई, पंधरा माणसांचा भात आणि आमटी होईल का? तांदूळ माझे.”

“कोण येणार आहे?”

“रोज येतात ते. अर्थ विचारला तर सांगत नाहीत. मग मला जो अर्थ ठाऊक आहे तो मी लावणार.”

मी भात टाकला. त्यांनी रस्ता झाडला, पाणी शिंपडलं, बेकरीच्या दारासमोर पत्रावळींची ओळ मांडली. कडेला मीठ वाढलं. मी आमटी घेऊन दारात उभी राहिले. पोरं आली आणि ओळ पाहून थबकली. सगळ्यांत पुढे त्यांचा आवाजी पुढारी, सायकल दुरुस्त करणारा तात्या. त्याने काही न कळून आपलं काम केलं. “हर हर महादेव!”

“पार्वतीपते राहिलं,” गार्डसाहेब म्हणाले आणि त्यांनी घाटात ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “पार्वतीपतेऽऽ”

पोरांच्या तोंडून सवयीने उत्तर निघालं. जन्मभराची सवय. उत्तर निघाल्यावर त्यांनी पानांकडे पाहिलं.

“बसा,” गार्डसाहेब म्हणाले. “घोषणा झाली. आता वाढलेल्या पानाला पाठ दाखवायची नसते. महादेवाला चालणार नाही.”

रस्त्यावर जमलेल्यांतून कुणीतरी हसलं. एक काटकुळा पोरगा तात्याकडे न बघता बसला. मग दुसरा. आमटीला वास चांगला सुटला होता, एवढं मी सांगू शकते. शेवटी तात्या एकटा उभा. गार्डसाहेब त्याला म्हणाले, “तात्या, ओरडून ओरडून घसा सुकला असेल. आमटी भुरक.” तात्या निघून गेला, पण कोपऱ्यावर जाऊन थांबला, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वीस पोरं आली. तिसऱ्या दिवशी तीस, आणि त्यांतली निम्मी मंडळाची नव्हतीच. घोषणा फार जोरात झाली. एकाने मला विचारलं, “बाई, उद्या काय?” त्या दिवशी तात्याही बसला. म्हणाला, आमटीत गूळ कमी आहे. आणि ज्या अर्थी रस्त्यावर एवढी माणसं हसतखेळत बसलेली, त्या अर्थी काही भीती नाही, असं धरून हसनभाईंची जुनी गिऱ्हाइकं मागच्या दाराने पुन्हा येऊ लागली.

चौथ्या दिवशी पोरांच्या आधी अध्यक्ष आले. ओट्यावर बसले. मी वर खिडकीत तांदूळ निवडत होते.

“गार्डसाहेब, हा तमाशा पुरे करा.”

“ती हाक देतात, मी वाढतो. दुसरा काही अर्थ असेल तर सांगा, आजपासून तो लावीन.”

“अर्थ सगळ्या गावाला कळतो.”

“मला कळत नाही. मी रेल्वेतला माणूस. स्पष्ट मराठीत सांगा.”

अध्यक्षांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, “त्या पाववाल्याला काढा.”

“हे महादेव म्हणतो?”

“मी म्हणतो. वखारीला मला रस्त्यावरची जागा हवी आहे.”

गार्डसाहेबांनी वर पाहिलं. “बाई, ऐकलंत?” मी म्हटलं, ऐकलं. त्यांनी बेकरीकडे तोंड केलं. “हसन, ऐकलंस?” आतून हसनभाई म्हणाले, “व्हय.”

“आता हे वाक्य झालं,” गार्डसाहेब अध्यक्षांना म्हणाले. “वाक्याला उत्तर देता येतं. नाही.”

अध्यक्ष उठले, हसले, आणि जाता जाता सवयीने “राम राम” म्हणाले. त्या एका राम रामाचा अर्थ गार्डसाहेबांनी विचारला नाही.

पोरं त्या दिवसापासून बंद झाली. दोघंतिघं एकदा चौकशी करून गेली, की आता जेवण नसतं का.

मंडळाची सभा भरली. धर्माच्या घोषणेची एका सद्गृहस्थाने भर रस्त्यात विटंबना केली, असं ठरलं. सद्गृहस्थ हा शब्द तसाच ठेवला होता. मग गावातल्या पंगतींची आमंत्रणं बंद झाली. अध्यक्षांकडची झाली याचं नवल नव्हतं. तात्याचं लग्न झालं, त्याचंही आलं नाही. माझ्या हातचा भात खाऊन गेलेल्या पोरांची एकामागून एक लग्नं झाली, आमच्याच आळीत मांडव पडले, आणि आमच्या दारावरून अक्षत पुढे जाई.

गार्डसाहेब म्हणत, बरं झालं, पोट हलकं राहतं. पण मांडव जवळ असला की ते दुपारी कोट घालून ओट्यावर बसत. तिकडून ‘पार्वतीपते’ ऐकू आलं की त्यांचे ओठ हलत. मग ते आत जाऊन हसनभाईंचा पाव दुधात बुडवून खात. एकदा मी जिलबी करून नेली. त्यांनी आडवा हात केला. बोटं उघडली नाहीत. म्हणाले, “बाई, एकट्याने जिलबी खायची नसते.” असं आठ वर्षं चाललं.

ते गेल्यावर शोकसभा झाली. आम्ही बायका कोपऱ्यात बसलो होतो. अध्यक्षांनी त्यांना स्पष्टवक्ते म्हटलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून ‘अमर रहें’ म्हटलं. मेलेल्या माणसाला अमर राहा असं सांगतात आणि कुणी हसत नाही.

घर कल्याणच्या पुतण्याकडे गेलं. चांगला, शिकलेला मुलगा. तेराव्याला आला, हसनभाईंच्या हातचा चहा प्याला, काकांच्या आठवणी काढल्या, आणि जागेची आपल्याला जरा गरज आहे असं सांगितलं. महिनाभराची सवड दिली. देवाचं नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही. महिनाअखेर हसनभाईंनी परातींची आणि लांब दांड्याच्या फावड्याची मोट बांधली. सोमाटण्याला मेव्हण्याच्या चहाच्या दुकानात ते आता हाताखाली काम करतात. निघताना जिन्याशी आले.

“बाई, ती पोरं वरडायची तवा मानूस सावध तरी ऱ्हायचा,” ते म्हणाले. “ह्यो पोरगा लय गोड बोलला.”

मी त्यांच्या बायकोला माझा तवा दिला.

मी अजून वरच राहते. शिक्षिका भाडं वेळेवर देते, म्हणून पुतण्याने मला ठेवलं आहे. खाली अध्यक्षांची वखार आहे. भट्टी पाडायला गवंडी लावावा लागेल म्हणून ती तशीच आहे, तिच्यात कोळशाची पोती ठेवतात. पाव तळेगावाहून दुपारच्या गाडीने येतो. तो शिळा असतो, अशी सगळ्या आळीची तक्रार आहे.